एका सुताचा फरक

ओरिसियाबाईंच्या तळघरात पहिल्यांदा उतरलो
तेव्हा त्यांनी टॉर्च दिला नाही, काचेची गोटी दिली.
"ठेवा खाली."
गोटी क्षणभर थबकली, काही आठवल्यासारखी,
आणि घरंगळत गेली पूर्वेच्या भिंतीकडे.
त्या भिंतीपलीकडे एल्म होता.

विनिपेगची माती मला कळते.
बावीस वर्षं घरांचे पाये सावरतोय इथे.
ओली असली की फावडं सोडत नाही,
सुकली की आकसते उन्हात विसरलेल्या चामड्यासारखी.
पायाखालची जमीन सरकली म्हणतात लोक.
इथे सरकत नाही ती,
आटते.
झाड पितं ना.
जुलैच्या कोरड्या दिवशी पिंपच्या पिंप
घराखालून ओढून घेतं, न विचारता,
शेजारधर्म असल्यासारखं.

भिंतीत भेग, बोट जाईल एवढी.
तिच्यावरून आडवी पेन्सिलीची रेघ,
मधोमध तुटलेली, अर्धी इकडे, अर्धी तिकडे.
बाजूला नेस्टरच्या अक्षरात वर्षं:
शहात्तर, एक्क्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी.
अठ्ठ्याऐंशीचा आठ थरथरलेला.
दुष्काळ होता म्हणून,
की घरात आणखी काही झालं होतं,
मी विचारलं नाही.

झाड काढा, म्हणालो.
हे सांगण्याचेच मला पैसे मिळतात.
त्या काही बोलल्या नाहीत, जिना चढू लागल्या,
एकेका पायरीवर गुडघ्याची समजूत घालत.
वरची खोली. बाहेर चौतीस अंश.
"चादरीला हात लावा."
चादर थंड होती.
खिडकीभर हिरवं, आणि त्यातून येणारा उजेड
पाण्याच्या तळाशी असतो तसा.

मग स्वतःच झाडाच्या तक्रारी सांगत बसल्या:
मे महिन्यात पन्हाळी बियांनी तुंबतात,
माळ्यावर खारी,
मोरीच्या पाइपात केसांच्या गुंत्यासारखी मुळं,
"प्लंबरला दिलेल्या पैशांत गाडी आली असती, मिस्टर बालिंगित.
तशी आम्हाला जायचं तरी कुठे होतं!"

मी इलोइलोचा. आजोबांचं घर बांबूच्या खांबांवर होतं,
झाड कुठे संपतं नि घर कुठे सुरू होतं
याचं भांडणच नव्हतं तिथे.
त्यांना म्हटलं, मग पाणी द्या.
भोकांची रबरी नळी घराभोवती पसरून दिली.
दोघांना एकाच नळीने पाजायचं,
म्हणजे एकमेकांच्या ताटात हात नको.

तीन उन्हाळे जमलं.
चौथ्या जुलैत शेंड्याची पानं पिवळी पडली.
महापालिकेचा माणूस आला,
बुंध्यावर नारिंगी ठिपका मारून गेला.
जानेवारीत, उणे तिसात, करवत चालली.
बुंधासुद्धा ठेवला नाही,
किड्यांनी तिथे घर करू नये म्हणून.

पुढच्या सप्टेंबरात त्यांचा फोन.
भेगेबद्दल नव्हता.
"मागचं दार लागत नाही."

पिणारं गेलं की माती फुगते,
हळूहळू, न ओरडता, घर उचलते.
तळघरात गेलो. भेग मिटत आली होती.
नेस्टरच्या रेघेचे दोन तुकडे समोरासमोर आले होते,
जुळले नव्हते.
एका सुताचा फरक.

"बरं झालं," मी म्हणालो, "घर सावरतंय."
बाईंनी ॲप्रनच्या खिशातून गोटी काढली, ठेवली.
ती हलली नाही.
त्या वाट पाहत राहिल्या.
मग सपातेच्या टोकाने
तिला हळूच ढकललं,
पूर्वेकडे.

वर पलंग खिडकीपासून लांब सरकवला होता,
काचेवर टॉवेल टांगले होते,
गालिच्याचा एक कोपरा नुकताच विटू लागलेला.
रंधा काढून मी दाराची कड तासली,
एक सूत.
दार लागलं.
आत ऊन होतं, बाहेर होतं तेवढंच.